रोवणीच्या दिवसांतली पकड

भंडारा शहराला आगगाडीने यायचे तर वरठीला उतरावे लागते. स्थानकाचे नाव ‘भंडारा रोड’, गाव मोहाडी तालुक्यातले, आणि शहर तिथून दहा-बारा किलोमीटर. सनफ्लॅगचा पोलाद कारखाना याच गावात आणि आजूबाजूला धानाच्या बांध्या. जुलैत रोवणी भरात आली की भंडारा-तुमसर रस्त्यावर पाळी सुटलेले कामगार, गाडी गाठायला निघालेले प्रवासी आणि पऱ्ह्यांच्या पेंढ्या मागे बांधून बांधीकडे चाललेले शेतकरी एकाच वेळी दुचाकीवर असतात. पाऊस यांच्यापैकी कुणालाच घरी बसवू शकत नाही. म्हणून ओल्या रस्त्यावर टायर धरतो कसा आणि सुटतो कशाने, हे या लोकांना नीट ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

दुचाकीचा टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकतो. त्या जागेत दोन गोष्टी घडतात. रबर डांबरातल्या खडीला सूक्ष्म पातळीवर चिकटते, ही पहिली. खडीच्या उंचसखल पृष्ठभागावर ते दबते आणि पुन्हा उसळते. त्या दबण्या-उसळण्यात ऊर्जा खर्ची पडते आणि चाक घसरायला विरोध होतो, ही दुसरी. पाण्याचा पापुद्रा मध्ये आला की चिकटणे बरेचसे संपते. दबणे-उसळणे मात्र चालू राहते, कारण खडीची टोके पापुद्र्यातून वर आलेली असतात. म्हणूनच स्वच्छ धुतलेल्या, खरबरीत डांबरावर भर पावसातही चांगला टायर कोरड्याच्या साधारण निम्मी ते दोन तृतीयांश पकड देतो.

हिशेब करून पाहू. ताशी ४० किलोमीटर वेग आहे आणि ब्रेक पूर्ण लागला आहे. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.८ धरला तर गाडी सुमारे ८ मीटरमध्ये थांबते. ओल्या पण स्वच्छ डांबरावर तो ०.५ धरला तर साडेबारा मीटर लागतात. चिखलाने माखलेल्या डांबरावर ०.२ धरला तर ३१ मीटरच्या पुढे. ब्रेककडे हात जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते, ते अंतर वेगळे.

पाण्यावर टायर तरंगतो आणि गाडी जाते, असे पुष्कळांना वाटते. १९६३ साली नासाच्या वॉल्टर होर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी विमानांच्या टायरांवरून या तरंगण्याचे गणित मांडले. पुरेसे खोल पाणी असेल तर तरंगण्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. २८ पौंड हवेला तो ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास येतो. दुचाकीचा टायर गोलसर असल्याने पाणी आणखी सहज बाजूला सारतो. वरठीच्या रस्त्यावर ३०-४०च्या वेगाने जाणारा कामगार पडतो तो तरंगून नव्हे, पातळ थरावर घसरून.

हा थर कशाचा असतो, ते महत्त्वाचे. जूनच्या मध्यावर पहिली सर येते तेव्हा उन्हाळाभर साचलेली धूळ, सांडलेले तेल आणि टायरांची झीज पाण्यात कालवली जाते. हा राडा पाऊस जोराने कोसळला की धुऊन जातो. नुसती भुरभुर असेल तर तसाच राहतो. पहिला अर्धा तास मुसळधारेपेक्षा घातक असतो तो यामुळे. रोवणीच्या दिवसांत तर रस्ता धुतला जातो आणि पुन्हा माखतो. चिखलणी करून ट्रॅक्टर बांधीतून वर येतो, केजव्हीलला आणि ट्रॉलीच्या चाकांना लागलेला गाळ डांबरावर पडतो. कन्हार जमिनीचा चिकण गाळ इतका बारीक असतो की तो खडीच्या फटी भरून टाकतो. खडीची टोके झाकली गेली की टायरच्या उरल्यासुरल्या पकडीचा आधारच जातो. वरून पावसाची एक सर आली की तो गाळ वंगणासारखा वागतो. शेतकऱ्याने बांधावरच फावड्याने चाके खरवडली तर दहा मिनिटे जातात. त्या दहा मिनिटांत कुणाचा पाय मोडायचा वाचतो, आणि तो कुणी बहुधा त्याच्याच गावचा असतो.

याशिवाय रस्त्यावरचे पांढरे पट्टे, रुळांचे लोखंड आणि गावातल्या सिमेंट रस्त्यावर सावलीत धरलेले शेवाळ आहेच. रूळ ओलांडताना गाडी सरळ, काटकोनात न्यावी. त्या क्षणी ब्रेकही नको आणि वळणही नको.

टायर विकत घेताना बहुतेक जण नक्षी पाहतात. नक्षी हवीच, पण ओल्यात जास्त काम करते ते रबराचे मिश्रण. पूर्वी टायरला बळकटी द्यायला काजळी घालत. १९९२च्या सुमारास मिशेलिनने कारच्या टायरमध्ये काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणावर सिलिका आणली. सिलिकेच्या रबराला गाडी नुसती चालताना ऊर्जा कमी लागते, आणि घसरायच्या क्षणी, जेव्हा रबर फार वेगाने दबते-उसळते, तेव्हा ते जास्त ऊर्जा शोषते. इंधन वाचते आणि ओल्यात पकडही वाढते. पुढे दुचाकीच्या टायरांतही ती आली.

भंडाऱ्याच्या वाचकाने इथे थोडे थांबावे. धानाचे तूस जाळले तर वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढी राख उरते, आणि त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिकाच असते. गुडइयर कंपनीने २०१५ पासून अशा राखेतून काढलेली सिलिका टायरमध्ये वापरायला सुरुवात केली. भंडारा-गोंदियाच्या राइस मिलांमागे तुसाचे ढीग लागतात आणि सिएटचा दुचाकी टायरांचा कारखाना नागपूरजवळ बुटीबोरीत आहे. या दोहोंना जोडणारा उद्योग इथे उभा राहावा, असे मला फार वाटते.

घरच्या घरी करायचे ते थोडके आहे. दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरहून कमी खोल नसावी, असे मोटार वाहन नियम सांगतात. ‘अजून गोटा झाला नाही’ एवढ्यावर गाडी चालवत राहणे बरोबर नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: ३२२४ म्हणजे २०२४चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी वर्षे उलटली की रबर कडक होते आणि कडक रबर ओल्यात धरत नाही. पावसाळ्यात हवा कमी ठेवावी म्हणजे पकड वाढते, हा समज चुकीचा आहे. हवा कमी झाली की खाचा दबतात आणि पाणी अडकते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी.

१२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून चाक जाम होऊ न देणारे एबीएस सक्तीचे आहे. त्या नियमात लहान गाड्यांना सीबीएस असले तरी चालत होते. ते दोन्ही चाकांना ब्रेक वाटून देते, पण चाक जाम होण्यापासून वाचवत नाही. पाळीवर जाणाऱ्यांच्या गाड्या बहुतांशी या लहान गटातल्याच. त्यांनी पुढचा ब्रेक टाळू नये, पण दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत न्यावेत.

कायद्याबद्दल माझी स्पष्ट तक्रार आहे. ओल्या रस्त्यावरची किमान पकड ठरवणारे एआयएस-१४२ हे मानक १ ऑक्टोबर २०२२ पासून नव्या रचनेच्या टायरांना लागू झाले, ते कार, बस आणि ट्रक यांच्या. दुचाकी त्यात नाही. त्याच २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. वरठीतला कामगार दुकानात टायरचा आकार आणि किंमत विचारू शकतो. ओल्यात तो टायर किती धरतो, याचा आकडा त्याला टायरवरच छापलेला मिळाला पाहिजे, शंभर सीसीच्या गाडीच्या टायरवरसुद्धा.