डिझेल ट्रकच्या इंजिनातील एकत्रित फेरबदल : स्वरूप व धोके

खारघरलगतच्या कळंबोली पोलाद बाजारातून निघालेले अवजड ट्रक बोरघाट चढून पुण्याकडे जातात. चढावर ताकद वाढावी म्हणून इंजिनात केल्या जाणाऱ्या फेरबदलांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हे फेरबदल प्रामुख्याने तीन प्रकारचे असतात. इंधनाचे प्रमाण वाढविल्यास हवा अपुरी पडते, काळा धूर येतो व एक्झॉस्टचे तापमान वाढते. टर्बोचा दाब वाढविल्यास हवा मिळते. परंतु सिलिंडरमधील कमाल दाबही वाढतो. इंधनाची फवारणी लवकर केल्यास तो आणखी चढतो. यांपैकी एखादा मर्यादित बदल इंजिन सहन करू शकते; तथापि निर्मात्याने ठेवलेली सुरक्षिततेची राखीव मर्यादा तिन्हींसाठी एकच असते. ती ओलांडल्यास हेड गॅस्केट फुटणे, पिस्टन वितळणे वा टर्बो निकामी होणे संभवते. घाटात इंजिन पूर्ण भाराने दीर्घकाळ चालत असल्याने हा धोका बळावतो. शिवाय क्लच व ब्रेक मूळ क्षमतेचेच राहतात.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अवैध फेरबदलासाठी वाहनमालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

सारांश, ताकद अपुरी पडत असल्यास भार कमी करणे अथवा अधिक क्षमतेचे वाहन वापरणे, हाच सुरक्षित मार्ग होय.