एक मतदारसंघ, अकरा विजय

आमदाराला बढती नसते. लेफ्टनंटचा कॅप्टन होतो, तसे त्याचे नाही. मुदत संपली की तो पुन्हा साधा उमेदवार होतो आणि मागची सेवा मतदार जमेस धरतीलच असेही नाही.

सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये शेतकरी कामगार पक्षातर्फे प्रथम विधानसभेत गेले. त्याच मतदारसंघातून, त्याच पक्षातर्फे ते एकूण अकरा वेळा निवडून आले. मात्र १९७२ मध्ये ते हरले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परतले. १९९५ मध्ये पुन्हा हरले, तेही अगदी थोड्या मतांनी. १९९९ मध्ये पुन्हा आले. मला विजयांपेक्षा या दोन पराभवांनंतरची वर्षे मोठी वाटतात.

१९७८ आणि १९९९ च्या सरकारांत ते मंत्री होते. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर गेला. सत्ता नसलेला आमदार करतो तरी काय? तो तारांकित प्रश्न विचारतो. त्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्नही येतात. तातडीच्या विषयावर तो लक्षवेधी सूचना मांडतो, अर्थसंकल्पाच्या वेळी कपात सूचना देतो. सरकारने मागणी फेटाळली तरी कारण सांगावे लागते आणि ते कामकाजात नोंदले जाते. पुढच्या अधिवेशनात तोच कागद पुढे धरता येतो. अर्थात त्यासाठी आधी कागद वाचलेला असावा लागतो!

गणपतरावांचा कायमचा प्रश्न पाण्याचा. सांगोला दुष्काळी तालुका; कृष्णा वाहते दूर आणि खालच्या पातळीवर. पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवावे लागते, म्हणून टेंभूसारख्या उपसा योजना खर्चिक ठरल्या आणि वर्षानुवर्षे रेंगाळल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत आटपाडीच्या पाणी परिषदांतून त्यांनी हा प्रश्न सभागृहाबाहेरही धरून ठेवला. आमदार असूनही ते एसटीने प्रवास करीत, ही आठवण त्या भागात आजही निघते.

२०१४ ची निवडणूक त्यांनी पंचाऐंशी ओलांडल्यावर जिंकली. २०१९ मध्ये वयामुळे ते उभे राहिले नाहीत. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

छात्रांनो, विधानसभेसाठी वय किमान २५ लागते, पण सैन्यात असताना निवडणूक लढवता येत नाही. मत मात्र देता येते. ‘सर्व्हिस व्होटर’ म्हणून नाव नोंदवले की गावाकडच्या मतदारसंघाची मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने तुमच्या युनिटपर्यंत येते. ती भरून टपालाने परत पाठवायची. मतमोजणी सुरू होण्यापूर्वी ती पोहोचली पाहिजे.