आज तिथी कोणती?

तीस वर्षं इथल्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि पुढच्याच आठवड्यात बुटांच्या नाड्या आवळून गुहागरच्या पुळणीवर धावायला उतरले. सकाळचे सहा. मागे सुरूचं बन, पुढे सहा किलोमीटर सरळसोट किनारा. भरती अगदी वरपर्यंत आलेली, म्हणून कोरड्या वाळूतूनच निघाले. दोनशे पावलांत पोटरीत असा गोळा आला की मटकन खालीच बसले. जाळं निस्तरणाऱ्या एकाने लांबून विचारलं, “बाई, कोण मागे लागलंय?”

जाहिरातीतली माणसं भुसभुशीत वाळूत हसतहसत धावतात. ती बहुधा दहाच पावलं धावत असावीत. रस्त्यावर टाचेमागची शीर रबरासारखी ताणली जाऊन परत उसळते, त्यामुळे पुढचं पाऊल थोडं फुकटात पडतं. कोरड्या वाळूत कण सरकतात, टाच रुतते आणि उसळी वाळूच गिळून टाकते. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली हे मोजून मांडलं. वाळूत धावायला कठीण जमिनीच्या १.६ पट शक्ती लागते; चालायला तर दुपटीहून जास्त. ऑस्ट्रेलियाच्या हर्ब इलियटला त्याचे गुरू पर्सी सेरुटी मुद्दाम पोर्टसीच्या वाळूच्या टेकड्या चढायला लावत. १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये पंधराशे मीटरचं सुवर्णपदक त्याने विश्वविक्रमासह जिंकलं. पण तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि मी अठ्ठावन्न.

माझी अडचण सोडवली ती मासळी घेऊन दारावर येणाऱ्या मावशींनी. “बाई, घरात कालनिर्णय आहे ना? मग तिथीची पाऊणपट करा. तेवढ्या वाजता भरती. सुकती लागली की उतरा.”

हिशेब ढोबळ, पण चालतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती. माझी पोटरी धरली तो दिवस अष्टमीचाच. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्याच्या सहा तास आधी, पहाटे पाचच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. शिवाय ते दिवस उधाणाचे, पाणी जेवढं वर चढतं तेवढंच लांब आत जातं. म्हणून चतुर्दशीपासून तृतीया-चतुर्थीपर्यंतच्या सकाळी माझ्या हक्काच्या. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, तसं माझं वेळापत्रकही.

पाणी नुकतंच ओसरलेला पट्टा धावायला उत्तम. कणांमधलं पाणी त्यांना एकमेकांशी धरून ठेवतं, म्हणून तिथे पाऊल रुतत नाही. गंमत बघा, पाऊल टेकलं की भोवतीची ओली वाळू क्षणभर पांढरी, सुकल्यासारखी दिसते. गच्च बसलेले कण दाबाने जरा फाकतात, मधली जागा वाढते आणि वरचं पाणी तिथे आत ओढलं जातं. वर्गात हा प्रयोग दाखवता आला असता, पण मी मराठीची.

किनारा समुद्राकडे उतरता असतो. उत्तरेकडे जाताना डावा पाय खाली पडतो, परतताना उजवा. तेव्हा त्याच वाटेने परत यावं, म्हणजे एकाच गुडघ्याला शिक्षा होत नाही. अनवाणी धावायचा मोह आवरा, निदान सुरुवातीला. फुटक्या बाटल्या वाळूत पुरून जाणारे पर्यटक सुट्टीच्या दिवशी हमखास येऊन गेलेले असतात, त्यांच्याविषयी सभ्य भाषेत लिहिणं मला जमत नाही.

थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत वरच्या कोरड्या वाळूकडे फिरकूच नये. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. फेब्रुवारी २०२३मध्ये इथल्या दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली होती, त्यांची नावं गुहा आणि बागेश्री. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. माझी मजल अजून साडेतीन किलोमीटर.

उद्या षष्ठी. साडेचारला भरती, पूर्ण ओहोटी साडेदहाला. तोवर ऊन चढलेलं असेल, म्हणून उद्या सुट्टी.