आकड्यापेक्षा झोप मोठी



गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेट चालवणाऱ्या बायका तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. त्या मिरवणुकीत गाडी माणसांच्या चालीने चालते. आज आपण बोलणार आहोत ते दिवसभरात पाचशे किलोमीटर मोटारसायकल चालवण्याबद्दल. हे कसे करतात, आणि कुठे थांबायचे असते?

आम्ही चौघी मुंबईच्या उपनगरांतल्या. एक बोरिवलीची, एक अंधेरीची, एक घाटकोपरची, एक मुलुंडची. एक परिचारिका, एक शिक्षिका, दोघी घरगुती डबे करणाऱ्या. सुट्टीच्या दिवशी पहाटे निघतो. गुजरातकडे जायचे तर बोरिवलीहून दहिसर ओलांडून निघायचे. पुण्याकडे जायचे तर मुलुंडहून पनवेल, खोपोलीमार्गे जुना रस्ता धरायचा, कारण द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी आहे.

आपल्याकडे ही वाट आधी काही जणींनी पाडून ठेवली आहे. २०११ साली पुण्यात उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी 'द बायकर्नी' हा बायकांचा मोटारसायकल गट सुरू केला. मार्च २०२३ मध्ये पुण्याच्या रमिला लटपटे नऊवारी नेसून, गेटवे ऑफ इंडियावरून जगाच्या सफरीला मोटारसायकलने निघाल्या.

लांब पल्ल्याच्या चालकांमध्ये एक परीक्षा प्रसिद्ध आहे. अमेरिकेतली आयर्न बट असोसिएशन ही संस्था ती घेते. चोवीस तासांत एक हजार मैल, म्हणजे सुमारे १,६१० किलोमीटर जायचे. पुरावा म्हणून पेट्रोलच्या, तारीख-वेळ असलेल्या पावत्या जपायच्या. बचत गटाच्या हिशेबासारखेच, पावती नाही तर नोंद नाही.

आता हा हिशेब आपल्या रस्त्यावर मांडून बघू. आपल्याकडे चौपदरी महामार्गावर मोटारसायकलची वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. न थांबता सतत ८० ने गेलो, तरी १,६१० किलोमीटरला वीस तासांहून जास्त लागतात. उरले चार तासही नाहीत. त्यातच पेट्रोल, जेवण, लघवी आणि झोप. शिवाय ट्रक, टोलनाके, खड्डे, गुरे यांमुळे सतत ८० चा वेग कुणाला मिळतो? म्हणजे एक तर कायदा मोडायचा, नाही तर झोप मोडायची. आम्हाला दोन्ही नको. म्हणून आमचे माप आम्हीच ठरवले: बोरिवली ते अहमदाबाद, साधारण पाचशे किलोमीटर, उजेडात. मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत.

तेवढ्यासाठीही तयारी लागते. आधी शंभर किलोमीटर, मग दोनशे, मग तीनशे, असे काही महिन्यांत वाढवत नेले. मनगट, मान, कंबर यांना सवय व्हावी लागते. निघण्याच्या आदल्या रात्री सात-आठ तास झोप हवीच. चाकातली हवा गाडी थंड असताना तपासायची, चेनला तेल द्यायचे, ब्रेक बघायचे. गिअरच्या गाडीचा परवाना, विमा आणि पीयूसी जवळ ठेवायचे. आयएसआय खुणेचे हेल्मेट आणि त्याचा पट्टा घट्ट. ओढणी किंवा पदर चाकाजवळ येईल असे काही अंगावर नको.

दर दीड तासाने थांबायचे, दमलो नसलो तरी. दुपारी पोटभर जेवायचे नाही. सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते, त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

आता पाण्याचे. रस्त्यात जायला जागा नाही म्हणून आपण बायका पाणीच पीत नाही. शेतावर जाताना, एसटीने जाताना आपण हेच करतो. पण पाणी कमी पडले की डोके दुखते, लक्ष उडते आणि लघवीची जळजळ सुरू होते. म्हणून आम्ही आधी पेट्रोल पंपांची यादी करतो, मग जेवणाच्या जागांची. पाळी असेल तर थांबे वाढवतो, प्रवास रद्द करत नाही.

एवढे करूनही गेल्या हिवाळ्यात चूक झाली. अहमदाबादहून परतताना आमच्यातल्या एकीला आदल्या रात्री नीट झोप लागली नव्हती. तिने ते सांगितले नाही, आपल्यामुळे सगळ्यांना उशीर नको म्हणून. मनोरच्या अलीकडे, दुपारी तीनच्या सुमारास, तिची गाडी हळूहळू उजवीकडे सरकू लागली. मागून येणारीने जोरात हॉर्न वाजवला, तेव्हा ती दचकली. डोळा लागला होता, क्षणभरच. ८० च्या वेगात गाडी एका सेकंदाला बावीस मीटर जाते. मागे ट्रक असता तर आज आम्ही तिघीच बोलत असतो.

पुढच्या चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाल्या ताईंनी काही न विचारता बाज रिकामी करून दिली, प्यायला पाणी दिले, आणि घरातले न्हाणीघर दाखवले. ती दीड तास झोपली. अंधार पडायच्या आत बोरिवली गाठता येईना, म्हणून त्या रात्री तिथेच जवळ खोली घेतली. घरी फोन केले. कुणी रागावले, कुणी गप्प राहिले. पण सकाळी चौघी घरी पोचलो.

तेव्हापासून निघताना प्रत्येकीने एकच गोष्ट खरी सांगायची असा नियम केला आहे: काल किती तास झोपलीस? सहापेक्षा कमी असेल तर त्या दिवशी कुणीच निघत नाही. तिला कुणी बोल लावत नाही. बोल लावला, तर पुढच्या वेळी ती लपवेल.

मैत्रिणींनो, तुम्ही पाचशे किलोमीटर जाल किंवा स्कूटीवरून तालुक्याला पंधरा, हा प्रश्न तुमच्यासाठीही आहे. पहाटे चारला उठून, सगळ्यांचे करून, गाडीवर बसणारी बाईही दमलेलीच असते. गटाच्या बैठकीला येणारीला तो विचारा.

आणि तुमचे गाव महामार्गालगत असेल, तर एखादी हेल्मेटवाली दारात येऊन पाणी मागेल. तिला पाणी द्या आणि न्हाणीघरही दाखवा.

पुन्हा भेटू. सांभाळून जा.