विषाला न बधणारा डास

पावसाळा सरतांना पौडवरून मुळशीकडे निघावें, तर दोहों बाजूंस भाताचीं खाचरें, डोंगरांतून उतरणारे ओढे आणि पुढें धरणाचा विस्तीर्ण जलाशय पाहून मन प्रसन्न होतें. परंतु हिंवताप पसरविणाऱ्या 'अ‍ॅनॉफिलीस' डासालाहि असेंच स्वच्छ, संथ पाणी आवडतें. त्याची एक जात खाचरांत व ओढ्याकांठच्या डबक्यांत, दुसरी डोंगरांतील मंद झऱ्यांत, तर तिसरी शहरांतील हौदांत व गच्चीवरील टाक्यांत अंडीं घालते. म्हणून मुळशीच्या शेतकऱ्याचा व पुण्याच्या बिऱ्हाडकरूचा हा प्रश्न एकच आहे.

या डासावर रामबाण सांपडला, असें एकदां सर्वांस वाटलें होतें. डी. डी. टी. चा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर या स्विस शास्त्रज्ञानें १९३९ सालीं शोधला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबई इलाख्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन् यांनीं कानडा व धारवाड जिल्ह्यांत घरोघरच्या भिंतींवर त्याची फवारणी करविली. रक्त पिऊन भिंतीवर विसावणारा डास तेथेंच मरूं लागला. १९५३ सालीं राष्ट्रीय योजना सुरू झाली. त्यापूर्वीं देशांत दरसाल ७.५ कोटि लोक आजारी पडत व ८ लाख दगावत, असा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास रुग्ण १ लाखावर आले.

परंतु १९५९ सालींच तत्कालीन मुंबई राज्याच्या पंचमहाल जिल्ह्यांत डी. डी. टी. ला दाद न देणाऱ्या डासांची नोंद झाली. पुढें बी. एच. सी. व मॅलॅथिऑन हीं औषधें आलीं. त्यांचीहि तीच गत झाली. त्यांत पैशाची टंचाई व कामांतील ढिलाई यांची भर पडून १९७६ सालीं रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली.

डासाला विषाची संवय होते, ही समजूत चुकीची आहे. असंख्य डासांत एखाद्याच्या अंगीं विष पचविण्याची शक्ति जन्मतःच असते. इतर मरतात, तो उरतो, आणि त्याचीच प्रजा वाढते. शेतांत तींच औषधें बेसुमार उडाल्यानें ही निवड अधिक वेगानें झाली. डी. डी. टी. चा शेतीतील वापर १९८९ सालीं बंद झाला. तोंवर उशीर झाला होता. हल्लीं मच्छरदाणीस लावतात त्या पायरेथ्रॉइड वर्गाच्या औषधांनाहि न जुमानणारे डास देशांत आढळले आहेत. आणि घरोघर रात्रभर जळणाऱ्या उदबत्तींत बहुधा त्याच वर्गाचें औषध असतें.

आमच्याहि घरीं फवारणीवाले आले असतां, "देवघर व स्वयंपाकघर सोडा," असें वडील मंडळींनीं सांगितलें होतें, आणि पुढच्याच सणाला उरलेल्या भिंती सारवून निघाल्या. औषध वायां घालविण्यांत आमचाहि हात होता, हें आज कळतें.

औषध बदलणें हें तज्ज्ञांचें काम. पाणी मात्र आपल्या हातांत आहे. अंड्यापासून डास होण्यास सुमारें आठवडा लागतो. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून भांडीं, कुंड्या व हौद कोरडे करावे, टाक्यांवर घट्ट झांकणें बसवावीं आणि विहिरींत गप्पी मासे सोडावे. थंडी वाजून ताप आल्यास रक्त तपासून घ्यावें व डॉक्टरांनीं दिलेलें औषध ताप उतरला तरी पुरें करावें. आठवड्याचा वार सांभाळण्याचें काम घरांतील मुलांकडे सोंपवावें. तीं तें मोठ्यांपेक्षां अधिक काटेकोरपणें करतात.