भुकेल्या बालकाचा पहिला आठवडा

तीव्र कुपोषित बालक रुग्णालयात आले की त्याला प्रथम पोटभर खाऊ घालावे, असे कोणाही सहृदय माणसास वाटणे स्वाभाविक आहे. उपचारशास्त्र मात्र नेमके याच्या उलट सांगते. परिचर्येच्या विद्यार्थिनींना उपचारात्मक आहार शिकविताना हा धडा प्रारंभीच द्यावा लागतो, आणि ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनीही तो जाणून घेणे अगत्याचे आहे. कारण रुग्णालयात आपल्या मुलाला उपाशी ठेवतात, ही तक्रार अखेर त्यांच्याच कानी येते.

दीर्घकाळ अन्न न मिळालेले शरीर आपला व्यवहार आखडता घेते. हृदय, यकृत, मूत्रपिंडे मंदावतात; पेशींतील पोटॅशियम घटते व सोडियम साचते. अशा अवस्थेत एकाएकी भरपूर अन्न मिळाले, तर रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम वेगाने पेशींत ओढले जाऊन हृदय बंद पडण्याची भीती असते. १९४५ साली बेल्सनची छळछावणी मुक्त झाली तेव्हा सैनिकांनी दयाबुद्धीने दिलेले जड अन्न न सोसल्याने अनेक बंदी दगावले. बंगालच्या दुष्काळातील अनुभवावरून तयार झालेले मिश्रण तेथे देऊन पाहण्यात आले. पण ते इतके गोड होते की रुग्णांना ते घेववेना. पथ्याचे अन्न रुग्णाच्या जिभेलाही मानवले पाहिजे, हे शास्त्र पुष्कळदा विसरते.

आज जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेल्या पद्धतीनुसार उपचाराचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यातील आहारास ‘एफ-७५’ म्हणतात. नाव अवघड, वस्तू साधी. ३०० मिलिलिटर गाईचे दूध, १०० ग्रॅम साखर, २० ग्रॅम तेल आणि क्षारांचे द्रावण यांत उकळून गार केलेले पाणी घालून एक लिटर मिश्रण करतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ उष्मांक व केवळ सुमारे एक ग्रॅम प्रथिन असते. प्रथिन कमी का, असा प्रश्न पडेल. दुर्बल यकृतास अधिक प्रथिनांचा भार पेलवत नाही, हे त्याचे उत्तर होय. याच कारणास्तव बालक पांढरेफटक दिसत असले तरी पहिल्या टप्प्यात लोह देत नाहीत. त्या वेळी ते संसर्ग बळावण्यास साहाय्यभूत ठरू शकते.

प्रमाण वजनावर ठरते. सहा किलो वजनाच्या बालकास दर किलोस १३० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला ७८० मिलिलिटर. दर दोन तासांनी दिल्यास प्रत्येक वेळी ६५. अंगावर फार सूज असल्यास हे प्रमाण आणखी कमी करतात. आहार बाटलीने न देता वाटी-चमच्याने द्यावयाचा. किती घेतले, किती उरले, किती ओकले, याची नोंद परिचारिका ठेवते. बाळाचे अंगावरचे दूध चालूच राहते. खरी कसोटी असते ती रात्रीची. मध्यरात्रीची एक-दोन पाजणी चुकली तरी रक्तातील साखर उतरते, अंग गार पडते, आणि वरवर शांत झोपलेले बालक पहाटे हाती लागत नाही. ऊब व रात्रीचा आहार यांची किंमत येथे औषधाइतकीच आहे.

भूक परतली व सूज ओसरू लागली की दुसरा टप्पा सुरू होतो. ‘एफ-१००’ या मिश्रणात दुधाचे प्रमाण जवळजवळ तिप्पट असते. तेही प्रथम दोन दिवस पूर्वीच्याच मापाने देऊन मग वाढवीत नेतात. लोह आता देता येते. दर किलोमागे दररोज १० ग्रॅमहून अधिक वजनवाढ झाली तर प्रगती उत्तम समजतात.

दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरणाऱ्या प्रत्येक बालकास रुग्णालयाची गरज नसते. भूक शाबूत असून अन्य गुंतागुंत नसेल, तर गावातील बाल विकास केंद्रात उपचार होऊ शकतो. दोन्ही पायांवर सूज असेल किंवा बालक खाईनासे झाले असेल, तर मात्र पोषण पुनर्वसन केंद्र गाठलेच पाहिजे, आणि तेथे सुमारे दोन आठवडे राहिले पाहिजे. अडते ते येथेच. घरी इतर मुले असतात, शेताची कामे असतात. मातेस बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. घरच्या मुलांकडे पाहणारे कोणी मिळवून देणे हे काम गावकऱ्यांचे. शिवाय सूज उतरू लागली की अंगातील पाणी जाऊन पहिल्या काही दिवसांत वजन घटते. काटा खाली जाताना पाहून घाबरलेली आई मूल उचलून घरी निघते. हे घटणे सुधारणेचे लक्षण आहे, हे तिला दाखल होण्याच्या दिवशीच, तिच्या बोलीत, सांगावे लागते.