गॅलापागोस : माणसाला न घाबरणारे शेजारी

इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर पश्चिमेला, विषुववृत्तावर, गॅलापागोस द्वीपसमूह पसरला आहे. ही बेटे खंडाला कधीच जोडलेली नव्हती. समुद्रतळातून उसळलेल्या लाव्हारसाचे थर साचून ती वर आली आणि नाझका भूपट्टाबरोबर हळूहळू पूर्वेकडे सरकत गेली. म्हणून पूर्वेचे एस्पान्योला जुने आणि झिजलेले, तर पश्चिमेचे फर्नांडिना अजून जिवंत. तिथला ला कुंब्रे ज्वालामुखी २०२४ मध्येही उफाळला होता.

अशा बेटांवर पोहत, उडत किंवा वाहत येणारेच पोहोचले. मोठे हिंस्र सस्तन प्राणी आलेच नाहीत, त्यामुळे जमिनीवर कोणाला पाहून पळायची गरज इथल्या जिवांना फारशी पडली नाही. १८३५ मध्ये आलेल्या डार्विनने फांदीवरचा ससाणा बंदुकीच्या नळीने ढकलला होता. या भाबडेपणाची किंमत महाकासवांनी मोजली. देवमाशांचे शिकारी त्यांना जिवंतच जहाजावर चढवत आणि ताजे मांस म्हणून वापरत.

आजच्या सफरीत सर्वांत विलक्षण उतरणे फर्नांडिनावरचे. जहाज दूर नांगर टाकते आणि प्रवासी ‘पांगा’ नावाच्या छोट्या होडीतून किनारा गाठतात. काळ्या लाव्हावर काळेच सागरी इग्वाना एकमेकांवर रेलून पडलेले असतात; पाय टाकण्याआधी खाली नीट पाहावे लागते. समुद्रात चरणारा जगातला हा एकमेव सरडा. थंड पाण्यात बुडी मारून तो खडकावरचे शेवाळ खरवडतो, मग अंग तापवायला बराच वेळ ऊन खातो. पोटात गेलेले जादा मीठ तो नाकातून फुर्रकन फवारतो. एल निन्योमुळे पाणी तापून शेवाळ घटले, की उपासमारीत त्याच्या शरीराची लांबीच कमी होते आणि अन्न परतल्यावर पुन्हा वाढते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात हे दुर्मीळच.

पश्चिमेच्या बेटांवर आदळून वर येणारा क्रॉमवेल प्रवाह इथे थंड, मासळीने समृद्ध पाणी आणतो. त्याच्याच जोरावर विषुववृत्तावर पेंग्विन टिकले आहेत. पाणकावळ्याला तर अन्नासाठी दूर उडावेच लागले नाही. त्याचे पंख खुजे झाले. हा न उडणारा पाणकावळा फक्त फर्नांडिना आणि इसाबेलाच्या किनाऱ्यांवर आढळतो.

माणूस आणि प्राण्यांमधली ही जवळीक नियमांनी सांभाळली जाते. जहाजावर जास्तीत जास्त १०० प्रवासी, एका वाटाड्यामागे १६ जण, प्राण्यापासून किमान दोन मीटर अंतर. सी-लायनचे पिल्लू स्वतःहून जवळ आले तरी हात लावायचा नाही, मागे सरायचे. जहाजाचा मार्गही कप्तान नव्हे, राष्ट्रीय उद्यान ठरवते. लहरी पिसाऱ्याचा अल्बट्रॉस पाहायचा असेल, तर मार्गात एस्पान्योला हवे आणि महिना एप्रिल ते डिसेंबरमधला. एरवी हा पक्षी समुद्रावरच असतो.